'जवळचा सर्व्हर आपोआप सापडतो' हे खरं नाही

इंदूरच्या आयटीवाल्यांमधे एक मेसेज सध्या खूप फिरतोय: "डीएफएस लावा, डीएनएसमधे एका नावाला दोन आयपी द्या, क्लायंट पिंग करून जवळचा फाइल सर्व्हर स्वतःच शोधतो, साइट-सबनेट भरायची कटकट नको, स्लो वाटलं तर लाइन वाढवा." (डीएफएस म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरवरचे शेअर फोल्डर एकाच नावाखाली दाखवणारी विंडोजची सोय, डीएनएस म्हणजे नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा.) नवीन मुलं हे वाचून तसंच सेटअप करतायत, म्हणून लिहितोय.

क्लायंट पिंग करतो? नाही हो. विंडोजचा क्लायंट नेमस्पेस सर्व्हरला, म्हणजे डीएफएसचं ते एकत्र नाव सांभाळणाऱ्या सर्व्हरला, विचारतो की फोल्डर कुठंय, तो सर्व्हर क्लायंटचा आयपी बघतो, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीच्या युजर-मशीनची विंडोजची नोंदवही) तो आयपी कुठल्या सबनेटमधे (आयपींची रेंज) आणि ते सबनेट कुठल्या साइटमधे (ऑफिसचं ठिकाण) हे शोधतो आणि त्याप्रमाणे यादी लावून पाठवतो, तिलाच रेफरल म्हणतात, मग क्लायंट वरून खाली ट्राय करत जातो. वेग यात कोणीच मोजत नाही. एएफएस या जुन्या नेटवर्क फाइल सिस्टिममधेही युनिक्सचा क्लायंट आयपीवरूनच रँक ठरवायचा, त्याच सबनेटला २०,०००, लांबच्या नेटवर्कला ४०,०००, आकडा कमी तो सर्व्हर आधी.

म्हणजे साइट-सबनेट भरणं हेच तर खरं काम आहे! समजा एक सर्व्हर इंदूरच्या सांवेर रोडला, दुसरा बडोद्याला मकरपुऱ्यात. ऑफिसात वायफायची नवी रेंज आली आणि डिरेक्टरीत कोणी टाकलीच नाही, तर त्या लॅपटॉपची साइटच कळत नाही, मग इंदूरचा माणूस बडोद्याहून ड्रॉइंग उघडत बसू शकतो आणि शिव्या इंटरनेटला पडतात. पीथमपूरच्या प्लांटला स्वतःचा सर्व्हर नसेल तर साइट जोडणाऱ्या लिंकची कॉस्ट (डिरेक्टरीतला आकडा, कमी तो जवळ) बघितली जाते, ती डिफॉल्ट १००, आणि इंदूर-बडोदा दोन्हीकडच्या लिंक १०० वरच सोडल्या तर दोघं बरोबरीत, कोण वर येईल ते नशीब. नकाशावर इंदूर जवळ आहे हे सर्व्हरला कोण सांगणार, तुम्हीच ना? आणि व्हीपीएनचं तर उलटंच असतं, माणूस इंदूरला राजवाड्याजवळ घरी बसलाय पण व्हीपीएन बडोद्याला उतरतं, तर त्याच्यासाठी बडोदाच जवळ, व्हीपीएनची ती आयपी रेंज बडोद्याच्या साइटमधेच टाकायची.

डीएनएसमधे दोन आयपी दिले की उत्तरं फक्त आलटून पालटून मिळतात. विंडोज डीएनएस जवळचा आयपी आधी देतो हे खरं, पण डिफॉल्टला तो पहिले तीन आकडे जुळतात का एवढंच बघतो, आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पीसी आणि सर्व्हर वेगळ्या रेंजमधे असतात.

लाइन वाढवून चुकीचा सर्व्हर बरोबर होत नाही. शिवाय फोल्डरचं रेफरल डिफॉल्ट १८०० सेकंद कॅशमधे राहतं, आणि इंदूरचा सर्व्हर बंद पडून परत आला तरी फेलबॅक (जवळचा सर्व्हर आला की त्याच्याकडे परत जाणं) ऑन नसेल तर क्लायंट लांबच्यालाच चिकटून राहू शकतो. ती टिक नेमस्पेसच्या प्रॉपर्टीत आहे, फुकट आहे, आधी ती करा.

तपासायचं असेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीत डीएफएस टॅब उघडा, अ‍ॅक्टिव्ह कोण ते तिथेच दिसतं. मग डोमेन कंट्रोलरवरची (डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) नेटलॉगॉनची लॉग फाइल बघा, ज्या आयपींना साइट सापडली नाही ते तिथे 'नो क्लायंट साइट' म्हणून ओळीने लिहिलेले असतात, त्यांची सबनेट्स आजच भरून टाका.