कॅमेरा जपा, माणसं मिळतात

तुंबलेल्या गटाराच्या पाईपात तपासणीचा कॅमेरा घालायचा असेल तर सगळ्यात आधी त्याच्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक फेकून द्यावं. ते फार भित्र्या माणसांनी लिहिलेलं असतं. ओल्या जागी विजेची जोडणी करू नका, हातमोजे घाला, केबलला हिसका देऊ नका, स्फोटक वायू असेल तिथे वापरू नका. एवढं सगळं पाळत बसलं तर काम कधी व्हायचं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे कधी पोचायचं?

गणेश चवथीच्या तोंडावर पणजीजवळच्या ताळगावातल्या आमच्या सोसायटीची लाईन चोक झाली, तेव्हा असे एक निर्भय कंत्राटदार येऊन गेले. माझी सगळी नोकरी वेर्ण्याला कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेली, पण तिथे आम्हाला सगळं उलटंच शिकवलं होतं, असं त्या दिवशी कळलं. तेव्हा त्यांच्या कामातून मिळालेलं ज्ञान होतकरू कंत्राटदारांसाठी आणि सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांसाठी इथे देतो आहे.

कॅमेरा घालायला भरतीची वेळ धरावी. सखल भागातल्या लाईनी भरतीला तुंबतात आणि चेंबर गळ्यापर्यंत भरतात, हे इथल्या कुठल्याही मासे विकणाऱ्या बाईला ठाऊक आहे. म्हणून तिला विचारू नये. पाईप भरलेला असला की स्क्रीनवर फक्त मातकट पाणी दिसतं, मग काही सापडलं नाही असा अहवाल देता येतो. आधी जेटिंग, म्हणजे जोराच्या पाण्याचा फवारा मारून लाईन मोकळी करावी, ओहोटीला यावं, थोडं स्वच्छ पाणी सोडत राहावं म्हणजे लेन्सही धुतली जाते आणि केबलही सरकते, ही सगळी वेळखाऊ माणसांची कामं.

विजेबद्दल तर बोलायलाच नको. कॅमेऱ्याची केबल गुंडाळलेलं रील आणि स्क्रीन बॅटरीवर चालते, पण बॅटरी चार्ज करायला आदल्या रात्री आठवण लागते. त्यापेक्षा तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीतून एक्स्टेंशन ओढावं. ते तीन ठिकाणी जोडलेलं असावं आणि जोडावर काळी टेप असावी, तीही सुटत आलेली. अर्थिंगची तिसरी पिन मोडलेली असेल तर उत्तम, नाहीतर ती उगाच सॉकेटमध्ये अडकते. जोड नेमका चेंबरच्या शेजारच्या डबक्यात ठेवावा. 30 मिलीअँपिअरची गळती झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडणारं एक यंत्र मिळतं, त्याला आरसीसीबी म्हणतात. काकूंच्या घरी ते होतं आणि ते दोनदा पडलं, म्हणजे त्याने वीज तोडली. तेव्हा आपल्या निर्भय मित्रांनी काय केलं? समोरच्या दुकानातून लाईन घेतली. तिथे पडत नाही म्हणे. अहो, पडत नाही कारण तिथे ते यंत्रच नाही! 230 व्होल्ट, पाऊस, अनवाणी पाय आणि हातात धातूचं रील. मी वरून ओरडलो तर उत्तर आलं, ‘‘अंकल, कांय जायना, तुमी भितर बसात.’’

हातमोजे मासे कापायला लागतात, गटाराला नाही.

खाण्याची वेळ झाली की रील सोडून तसंच उठावं आणि त्याच हातांनी भजी-पाव खावा. लेप्टोच्या तापाचा जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात आणि पाण्यातून हातावरच्या ओरखड्यात जातो, पावसाळ्यात जास्तच, हे दर जूनला आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावलेलं असतं. ते वाचायला तिथे जावं लागतं, आणि तिथे आपण ताप आल्याशिवाय जात नाही.

कंत्राटदार यायच्या आधी सोसायटीनेही आपला वाटा उचलावा. प्रत्येक मजल्यावरून आपापल्या पसंतीचं ॲसिड ओतावं, वरून ब्लीच. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन सुटतो, आणि साचलेल्या मैल्यात ॲसिड पडलं की त्याहून वाईट वायू वर येतो. कोणी काय ओतलं ते कंत्राटदाराला सांगू नये. केबल बाहेर येताना ती पुसणाऱ्या पोराला हात चुरचुरले की आपोआप कळेलच.

आता कॅमेरा पुढे कसा ढकलायचा ते. साध्या घरगुती लाईनीत जो कॅमेरा जातो तो फायबरच्या कडक केबलच्या टोकावर बसवलेला असतो, लेन्सभोवती एलईडीचं कडं. तो पाहण्यासाठी असतो असा एक गैरसमज आहे. तो खरं म्हणजे चोक फोडण्यासाठी असतो. चार इंची पाईपात काटकोनाचा बेंड आला आणि कॅमेरा अडला, की थांबून जरा मागे घेऊन फिरवत बसू नये. दोघांनी मिळून रेटा द्यावा. केबल पाईपाच्या धारेवर घासू द्यावी. आणि रीलचा ब्रेक मात्र कधीच लावू नये, कारण गुंडाळलेली केबल सुटली की पावसात बिळातून निघालेल्या धामणीसारखी उसळते आणि बघायला जमलेली मुलं खूश होतात. आमच्या इथे एकाच्या गालावर वळ उठला. मुलं खरंच खूश झाली.

उत्तर गोव्यात आता पाईपचा गॅसही आला आहे, तेव्हा एक जास्तीची सूचना. रस्ता न फोडता आडवं भोक पाडून नळी टाकतात, तेव्हा ती नकळत मलवाहिनीच्या पोटातून आरपार जाऊ शकते. परदेशांत असे अपघात झालेले आहेत. कॅमेऱ्यात अशी आडवी नळी दिसली तर शहाणा माणूस काम थांबवून गॅसवाल्यांना फोन करतो. आपण ती झाडाचं मूळ समजून तिच्यावर चोक फोडायचं रॉडिंगचं पातं चालवावं.

अंतराचा आकडा शून्यावर आणायला विसरावं. स्क्रीनच्या कोपऱ्यात केबल किती मीटर आत गेली ते येतं, पण सुरुवातीलाच ते शून्य केलं नाही तर शेवटी कोणताही आकडा येऊ शकतो, आणि त्यात मजा आहे. कॅमेऱ्याच्या मागे एक छोटा ट्रान्समीटर असतो, बहुधा 512 हर्ट्झचा. वर जमिनीवर लोकेटर फिरवला की कॅमेरा कुठे आणि किती खोल आहे ते कळतं. आमच्या मित्रांचा लोकेटर ‘दुसऱ्या साईटवर’ होता. कॅमेरा अडकल्यावर त्यांनी डोळे बारीक करून जमिनीकडे पाहिलं आणि ‘हांगा’, म्हणजे इथे, असं म्हणून पायाने खूण केली. तिथे खणलं. पाण्याची लाईन फुटली. दुसरीकडे खणलं. तिथे चिऱ्याचा दगड लागला. तिसऱ्या ठिकाणी विजेची केबल निघाली, तिच्यावर फावडं लागायला चार बोटं कमी पडली. पणजीच्या आसपास राहणाऱ्यांना खड्ड्यांबद्दल मी वेगळं काही सांगावं असं नाही. आपण खड्ड्यांतच वाढलो.

उघडलेल्या चेंबरभोवती बॅरिकेड लावू नये. माडाचं एक चुडत आत खोचून ठेवलं की झालं, रात्री स्कूटरवाल्याला ते बरोबर दिसतं. पडल्यानंतर.

आता मुख्य धडा, आणि तो या सगळ्यांपेक्षा मोठा आहे. कॅमेरा अडकला तर माणूस आत पाठवावा.

कॅमेरा महाग असतो. चांगला घ्यायचा म्हटला तर लाखांच्या घरात जातो, आणि त्याचा हप्ता चालू असतो. माणसाचा हप्ता नसतो. तो सकाळी नाक्यावर उभा असतो, झारखंडचा किंवा ओडिशाचा किंवा कर्नाटकातला, त्याला रोजावर आणता येतं. म्हणून चेंबरचं झाकण उघडावं, पाच मिनिटंसुद्धा वारा लागू देऊ नये, शेजारची झाकणं उघडू नयेत, आणि गॅस मीटर नावाची वस्तू अस्तित्वात आहे हे विसरून जावं. ती खिशात मावते, चार वायू मोजते आणि किंमत कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी कमी असते. पण तपासणीसाठी आपल्याकडे काडेपेटी आहेच. पेटती काडी आत टाकायची. विझली तर ऑक्सिजन कमी. मिथेन हा पेट घेणारा वायू हवेत 5 ते 15 टक्क्यांच्या मध्ये असेल तर ती विझणार नाही, आणि मग तुम्हाला दुसरी काडी टाकायची गरज कधीच पडणार नाही. त्यांनी खरोखरच काडी टाकली. माझ्या डोळ्यांदेखत.

मग वास घ्यावा. हे तर सगळ्यात विश्वासाचं. ‘‘वास येत नाही अंकल, साफ आहे.’’ मैल्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो. दशलक्षात 100 भागांच्या आसपास पोचला की वास ओळखणारं नाकच बधिर होतं. म्हणजे वास गेला तेव्हा माणसाला वाटतं वायू गेला. काहीशे भागांवर शुद्ध हरपते, हजाराच्या जवळ एक-दोन श्वासांत माणूस खाली. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो, मग तिसरा. सेप्टिक टँकच्या बातम्यांत नेहमी दोन-तीन नावं एकत्र का असतात, याचा कधी विचार केलात? अंगाला बांधायचा हार्नेस नाही, चेंबरवर उभारायची तिपाई नाही, वर ओढायला विंच नाही, कमरेला साधी दोरीसुद्धा नाही. काथ्याची दोरी होती तिथे. तिने एक्स्टेंशन बोर्ड झाडाला बांधला होता.

मी दुसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत ते पोर खांद्यापर्यंत आत गेलं होतं. अठरा-एकोणीसचं असेल. मी बाहेर ये म्हणून ओरडत होतो, कंत्राटदार हात हलवत होता, गॅलऱ्यांत सगळी सोसायटी उभी होती. कोणी मोबाईलवर शूटिंग करत होतं. पोर वर आलं तेव्हा ओठ पांढरे पडले होते. गुडघ्यांवर बसून ओकलं. आणि त्या माणसाचा पहिला प्रश्न काय होता?

‘‘कॅमेरो मेळ्ळो?’’

मेळ्ळो हो. तुमचा कॅमेरा मिळाला. काचेवर एक ओरखडासुद्धा नाही.

अक्कल कुठे गहाण ठेवली आहे तुम्ही? हे यंत्र कशासाठी बनलं? माणूस आत जाऊ नये म्हणूनच ना? तो डोळा माणसाच्या ऐवजी गटारात जातो, एवढाच त्याचा उपयोग आहे. आणि तुम्ही तो डोळा वाचवायला माणूस खाली सोडलात! अडकला तर अडकू दे. लोकेटर भाड्याने आणा, नीट जागा शोधा, खणा, पाईप कापा, कॅमेरा सोडून द्या, विम्यात घाला, काय वाटेल ते करा. माणूस आत जाणार नाही. यात चर्चेला काय आहे?

आणि कायदा नाही असं नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा 2013 सालचा आहे. गटारं आणि सेप्टिक टँक धोकादायक पद्धतीने साफ करायला कोणालाही लावता येत नाही, थेटही नाही आणि दुसऱ्यामार्फतही नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. अगदी अपवाद म्हणून आत उतरायचं झालं तरी सगळी साधनं हवीत, आणि त्या अपवादांची यादीही नियमांत दिलेली आहे. तिच्याबाहेरचं काम असेल तर स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा अंगठा म्हणजे लेखी परवानगी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना 10 लाख द्यायला सांगितले, ऑक्टोबर 2023 मध्ये ते 30 लाख केले. कायमचं अपंगत्व आलं तर 20 लाख. म्हणजे निव्वळ तुमच्याच हिशेबाने पाहिलं तरी, कंत्राटदारबाब, माणूस कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी महाग आहे. हिशेबसुद्धा येत नाही तुम्हाला.

आणि गॅलरीत उभे होतात ते तुम्ही सगळे. चवथीला पाहुणे येणार, संडास चालू व्हायला हवा, एवढंच डोक्यात. संध्याकाळी ग्रुपवर ‘उत्तम सेवा’ म्हणून फुलं टाकलीत. त्या पोराला कोणी डॉक्टरकडे नेलं का, विचारलंत? कंत्राटदार त्याला टेंपोत मागे रीलच्या शेजारी बसवून घेऊन गेला. रीलवर ताडपत्री घातली होती, पोर पावसात. नाव विचारलं तर हसून म्हणालं, ‘‘कुछ नहीं हुआ साहब.’’ मालकासमोर दुसरं काय म्हणणार ते?

पुन्हा आमच्या आवारात कॅमेरा आला तर झाकणाला हात लावायच्या आधी गॅस मीटर दाखवा, आरसीसीबी दाखवा, लोकेटर दाखवा. नसेल तर रील उचला आणि चालायला लागा. आणि सेक्रेटरीसाहेब, ते बिल घेऊन माझ्या दारात येऊ नका. मी कमिटीवर आहे तोवर त्यावर माझी सही होणार नाही, आणि पुढच्या सभेत हे सगळं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावणार आहे, काडेपेटीसकट.