बनवणं फुकट, वापरणं नाही

एआयच्या मोफत साधनावर दोन ओळी लिहा आणि तयार गाणं खुशाल व्हिडिओला लावा, असं एआयने गाणी बनवण्यावरच्या एका लेखात म्हटलंय. ते गाणं वापरायच्या परवान्याचं सांगायचं मात्र त्यात राहूनच गेलं. सुनो या गाणी बनवणाऱ्या एआय सेवेच्या मोफत खात्यावर केलेलं गाणं कमाईसाठी वापरता येत नाही. नंतर पैसे भरले तरी जुन्या गाण्यांना आपोआप मुभा मिळत नाही. २०२३ मध्ये आलेलं मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचं, म्युझिकजेन हे संगीत बनवणारं मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालतं खरं, पण त्या मॉडेलचा परवानाही बिगरव्यावसायिकच. आणि जून २०२४ मध्ये बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि तशाच युडिओ या सेवेवर अमेरिकेत खटले भरले. आरोप काय, तर आमची गाणी न विचारता मॉडेलला शिकवायला वापरली.

बाकी गंमत आहे, नाही म्हणत नाही. महिनाभर मीही खेळलो. मराठी शब्द दिले की ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘चमचा’तला च ऐकून तर हसूच आवरेना. शेवटी शब्दच काढले. नुसतं वाद्यसंगीत मागितलं, तेही ‘छान काहीतरी’ असं न म्हणता बासरी, संथ लय, तबला नको असं नेमकं लिहून. तेव्हा कुठे दहातलं एक ऐकण्याजोगं निघालं.