साडेसातची शाळा आन आठला येणारी बस

काल संध्याकाळी जिंतूरच्या आमच्या कट्ट्यावर, म्हंजी चहाच्या टपरीमागच्या ओट्यावर, शाळेच्या नव्या टाईमटेबलवरून असं जुंपलं की चहा दोनदा सांगावा लागला. विषय मीच काढला. माझी भाची नववीला हाय, खेड्यावरून येते, आन यंदा जूनपासून तिच्या शाळेनं आठवी ते दहावी सकाळी साडेसात ते पाऊण केलीय, पाचवी ते सातवी दुपारी. खोल्या कमी पडायल्यात म्हणून. ते बी खरंच हाय, त्याच्यावर माझं भांडण नाही. पण तिची बस शाळेत पोचते आठला.

टेलरभाऊ म्हणले, "मग चांगलंच झालं की! एप्रिलात आपल्याकडं पारा 42-43 ला जातो, दुपारी पत्र्याखाली बसवता का लेकरायला?" मी म्हणलो भाऊ, उन्हाळ्याचं कोण नाही म्हणतंय, 28 मार्च 2025 ला परिपत्रकच निघालं होतं, माध्यमिक शाळा 7 ते 11:45, पण ते उन्हाळ्यापुरतं, तुम्ही ऑगस्टातल्या झडीत सकाळी फाट्यावर उभं राहणाऱ्या पोरीचं बोला ना. भाऊंचं घर शाळेपासून पाच मिनिटावर. पोरगं पावणेआठ तासाची झोप काढून, दूध पिऊन जातंय आन दुपारी क्लासला. त्यायला सोयीचंच वाटणार.

मग सर बोलले. सर त्याच शाळेत गणित शिकवतात, परभणीहून अपडाऊन करतात, चाळीसेक किलोमीटर. "मी पाचला उठतो," म्हणले, "तास 40 चा 35 मिनिटाचा झालाय, हजेरीत पाच जातात, राहिले तीस. पहिल्या तासाला समोर बसलेल्या निम्म्या लेकरायचे डोळे मिटायलेत. 13 ते 18 च्या वयाला 8 ते 10 तास झोप लागते, आन या वयात झोप येतेच उशिरा, दहाला झोप म्हणलं तरी येत नाही. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असा जीआर 8 फेब्रुवारी 2024 ला निघाला, मग नववीच्या लेकरायनं काय घोडं मारलंय?"

टेलरभाऊ लगेच, "सर, तुम्ही इथंच खोली करा ना, अपडाऊन कामून करता?" सरायचा चेहरा उतरला. घरी आई आजारी हाय त्यायची, हे आम्हाला माहीत हाय, भाऊंना बी माहीत हाय, पण बोलण्याच्या भरात निघून गेलं. भाऊंनीच मग सरायपुढं बिस्किटाचा पुडा सरकवला.

मी भाचीची भूमितीची वही सोबतच नेली होती. ती मधोमध उघडून ठेवली. प्रत्येक प्रमेयाला वरची सात-आठ ओळी जागा कोरी. पक्ष नाही, साध्य नाही, आकृती नाही, एकदम सिद्धतेच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीपासून अक्षर सुरू. नंतर मैत्रिणीचं बघून लिहीन म्हणून सोडलेली जागा, आन मैत्रीण बी त्याच बसची! सरायनी वही हातात घेतली, पानं उलटत राहिले, काहीच बोलले नाहीत बराच वेळ.

कंडक्टर मामा तोवर गप होते. मामा म्हणले, "निळी गाडी, ती सरकारच्या मानव विकास योजनेची, शाळेच्या पोरींसाठीच हाय, पण एकच गाडी दोन रूटला फिरते. आधी पलीकडच्या खेड्याला जाती, मग तुमच्या फाट्यावर. शाळा साडेदहाची होती तवा बरोबर बसायचं. आता शाळेत पोचायला आठ वाजतात. मुक्कामी गाडी सहालाच निघती, पण ती दुसऱ्या रस्त्यानं. शाळेचं पत्र डेपोला आलं का? मी तरी ऐकलं नाही." आन सगळे सरायकडं बघायले. सर म्हणले, टाईमटेबल बनवताना बसचं कुणी काढलंच नाही, वर्गखोल्या आन शिक्षकायचे तास जुळवता जुळवताच रात्र झाली.

इथंच माझा जीव तुटतो. सगळ्यात लांबून येणाऱ्या पोरीला आधी विचारायचं, मग घंटेची वेळ ठरवायची, आपण उलटं केलं.

सर म्हणले पहिल्या तासाला गणिताऐवजी पीटी ठेवू. मला पटलं नाही, भाची खोखो खेळते, जीव हाय तिचा त्याच्यात, बसवाल्या पोरींनी मैदानावर यायचंच नाही का? मामांनी वेगळीच भीती सांगितली. दिवाळीच्या आगंमागं वेचणी सुरू झाली की दुपारी मोकळ्या असलेल्या पोरी थेट कापसात जाणार, आन दुसऱ्या दिवशी साडेसातला येतंय कोण. यावर टेलरभाऊ बी गप झाले.

शेवटी भाऊंनीच त्यायच्या पावतीबुकाच्या मागं खेड्यायची नावं लिहायला घेतली, कुठल्या फाट्यावर किती पोरी. सहा नावं झाली, दोन उद्या विचारायचीत. सोमवारी दहाला मी, मामा आन भाऊ हेडमास्तरकडं जायलोत, शाळेचं पत्र घेऊन तिथूनच डेपोत. तोवर पहिला तास आठ दहाला घ्या एवढंच मागणार हाय. वही सर घरी घेऊन गेलेत, राहिलेले पक्ष-साध्य मी लिहून देतो म्हणले.