‘जामीनदारांनो, घाबरू नका’ हा मेसेज खोटा आहे

गेल्या रविवारी मामांकडे गेले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खाकी पाकीट खोचलेलं दिसलं, म्हणून काढून पाहिलं. सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयाची नोटीस, कलम १०१ खाली. शेजारच्या मुलाने पतसंस्थेचं कर्ज काढून गाडी घेतली, मामा जामीनदार राहिले, त्याने हप्ते थकवले. आता पतसंस्थेच्या वसुली दाखल्याच्या अर्जात मामा जाबदार, म्हणजे प्रतिवादी, क्रमांक दोन. पहिली तारीख उलटून गेलेली. “त्याचं काही करायचं नसतं, हे वाच,” म्हणत मामांनी फोन पुढे केला.

मेसेज असा: “जामीनदारांनो, घाबरू नका! १) जामीनदार हा फक्त साक्षीदार असतो. २) कर्जदाराची गाडी ओढून नेऊन विकल्याशिवाय जामीनदाराकडे पैसे मागता येत नाहीत. ३) पाचशेच्या स्टॅम्पवर ‘जामीन मागे घेत आहे’ असं लिहून नोटरी केली की नाव निघतं. ४) जामीनदाराने हप्ते भरले तर गाडी त्याची होते. ५) कोर्टाची नसेल ती नोटीस घ्यायचीच नाही.” मामांना हा तीन ग्रुपवर आला, आणि त्यांनी तो पुढेही पाठवला.

सुरुवात पाचव्या मुद्द्यापासून करते, कारण मामांना खड्ड्यात घातलं ते त्याने. निबंधक म्हणजे कोर्ट नाही, एवढं बरोबर. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाने दाखला दिला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दाखल्यावरचा आकडा थकबाकीचा अंतिम पुरावा धरला जातो. मग ‘हिशेब चुकलाय हो’ म्हणत रिव्हिजनला, म्हणजे दाखल्याची फेरतपासणी मागायला जायचं, तर कलम १५४ प्रमाणे एकूण वसुलीच्या निम्मी रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. चार लाखांचा दाखला असेल, तर दोन लाख भरल्याशिवाय अर्ज दाखलसुद्धा करून घेत नाहीत. म्हणजे काही न भरता आपलं म्हणणं मांडायची जागा दाखल्याआधीची ही सुनावणीच आहे, आणि मेसेज नेमकं तिथेच जाऊ नका म्हणून सांगतो. हे लिहिणाऱ्याने कधी निवृत्त माणसाचं पासबुक पाहिलंय का?

मामांकडे मांडण्यासारखं होतंही. मागच्या दिवाळीआधी त्यांनी स्वतः दोन हप्ते रोखीने भरले. दोन्ही पावत्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या, शिक्क्यासकट. सोमवारी खातेउतारा काढून आणला, तर त्यात एकच हप्ता जमा दिसतो.

दुसरा मुद्दा सगळ्यांना पटतो, कारण तो न्यायाचा वाटतो. गाडी त्याने फिरवली, आधी त्याला धरा! मलाही तसंच वाटतं. कायदा तसा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात खालच्या कोर्टाने हुकूमनाम्यात अटच घातली होती, की आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग संपवा, मगच जामीनदाराकडे जा. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. सावकाराला जामीनदारासाठी थांबायला लावलं तर जामीन घेण्याचा हेतूच राहत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी मेसेज फिरतोच आहे.

‘फक्त साक्षीदार’ यावर फार बोलायला नको. मामांकडून फोटो, पॅनकार्ड आणि शेवटच्या पगाराची स्लिप घेतली होती. साक्षीदाराची पगाराची स्लिप कोणी मागत नाही.

स्टॅम्पपेपरच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. करार अधिनियमाच्याच कलम १३० प्रमाणे चालू स्वरूपाचा, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांसाठी दिलेला जामीन पुढच्या व्यवहारांपुरता मागे घेता येतो. एखाद्या व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे हवे तसे पैसे काढा-भरायच्या कर्जखात्याला, हे लागू पडतं. गाडीचं कर्ज एकदाच दिलं गेलं, पैसे शोरूमला पोचले, मागे घ्यायला उरलं काय? नाव निघतं ते कर्ज फिटल्यावर, किंवा संस्थेने दुसरा जामीनदार मान्य करून तसं लेखी दिल्यावर. आणखी एक वाट आहे, मेसेजवाल्याला ती ठाऊक नसावी. जामीनदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या, तर कलम १३३ खाली त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. पण अशा बदलाला आगाऊ संमती बऱ्याचदा जामीनपत्रातच छापलेली असते. आपण सही केलेला कागद आधी वाचा.

गाडी जामीनदाराची होते, हेही नाही. भरलेले पैसे कर्जदाराकडून मागण्याचा हक्क मिळतो (कलम १४५), आणि सगळं कर्ज फेडलं तर तारणावरचे संस्थेचे हक्कही मिळतात. पण आरसीवर नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, त्यावर मालकाची सही लागते, आणि बोजा (आरसीवर कर्जाची नोंद) चढलेला असेल तर संस्थेची लेखी संमती. बोजा उतरवायला फॉर्म ३५. मामांचं नाव आरसीवर कधी नव्हतंच.

शेजारच्या त्या मुलाने तर गाडी ‘हप्त्यासकट’ तिसऱ्याच माणसाला स्टॅम्पवर देऊन टाकली आहे. त्या मुलालाही सांगून आले: नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, सर्वोच्च न्यायालय, २०१८. नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघात झाला तर भरपाईही त्याच्याच डोक्यावर. तो गप्प बसला. मग म्हणाला, “ताई, गाडी आता नगरला आहे.”

मामांची पुढची तारीख २३ ला आहे, मी सोबत जाणार आहे. दोन्ही पावत्यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या आहेत. मूळ पावत्या मामा हातातून सोडायला तयार नाहीत, आणि तेच बरं आहे.