हृदयासाठी पॉलिफेनॉलच्या कॅप्सूल घेऊ नका

ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली ‘हृदयरक्षक पॉलिफेनॉल’च्या जाहिराती फिरतात. (पॉलिफेनॉल म्हणजे वनस्पतींत नैसर्गिकपणे असणारी संयुगं.) माझं स्पष्ट मत आहे, ते पैसे भाजी-फळांवर खर्च करा.

पॉलिफेनॉलचा हृदयाशी काही संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. नेदरलँड्सच्या झुटफेन गावात १९८५ साली ८०५ वयस्क पुरुषांच्या आहाराची नोंद घेतली गेली. पुढच्या पाच वर्षांत, ज्यांच्या पोटात सर्वात जास्त फ्लॅव्होनॉइड (हा पॉलिफेनॉलचाच एक गट) जात होते, त्यांच्यात हृदयविकाराने झालेले मृत्यू सर्वात कमी घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होते. हे फ्लॅव्होनॉइड मिळत होते चहा, कांदा आणि सफरचंदातून. बाटलीबंद असं काहीच नव्हतं.

मग झुटफेनचा हा अभ्यास करणारे संशोधक हर्टॉग यांनीच वेल्समधल्या केरफिलीचे १,९०० पुरुष अभ्यासले, तर फायदा दिसलाच नाही! तिथला चहा दुधाचा. २००७ साली बर्लिनमधल्या एका छोट्या प्रयोगात दूध घातल्यावर चहाचा रक्तवाहिन्यांवरचा चांगला परिणाम नाहीसा झाला होता, त्यामुळे आपल्याकडचे लोक लगेच दुधाला दोष देतील. पण केरफिलीत भरपूर चहा पिणारे सिगारेटही जास्त ओढत आणि स्निग्ध पदार्थही जास्त खात. अशा आयुष्यात एकट्या फ्लॅव्होनॉइडने काय करावं?

कोकोतलं एपिकॅटेचिन (हेही एक फ्लॅव्होनॉइड) रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करतं, त्याने वाहिनी सैलावते. म्हणून अमेरिकेत २१,४४२ जणांवर कोकोच्या कॅप्सूलची मोठी चाचणी झाली. २०२२ साली निकाल आला. हृदयविकार, पक्षाघात वगैरे एकूण घटना १० टक्के कमी, पण तो योगायोगही असू शकतो इतकाच फरक. हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी झालेले मृत्यू २७ टक्के कमी झाले, हे मी लपवणार नाही. पण मुख्य प्रश्नाचं उत्तर ठाम ‘हो’ असं मिळालं नाही, आणि खर्चाचा एक भाग चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीने उचलला होता.

ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलची तर मला काळजीच वाटते. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधलं एक पॉलिफेनॉल) पोटात गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच दिला आहे.

कांद्याचं क्वेर्सेटिन (हेही फ्लॅव्होनॉइडच) बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं, तेव्हा सोलताना वरचा चांगला पापुद्रा फेकू नका. कूट करताना शेंगदाण्याची सालंही पाखडून टाकू नका, पॉलिफेनॉल त्यांच्यातच भरपूर असतात. आणि रक्तदाबाची चालू गोळी कुणाच्या फॉरवर्डवरून बंद करू नका, कळकळीची विनंती आहे.