बलून ड्रायव्हर मेमरी चोरत नाही

‘व्हीएम वेगवान करण्याचे पाच उपाय’ असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. व्हीएम म्हणजे एका खऱ्या संगणकावर (होस्टवर) चालणारा आभासी संगणक; त्याच्या आतल्या प्रणालीला गेस्ट म्हणतात. बलून ड्रायव्हर (व्हीएमकडून रॅम परत मागून घेणारा छोटा प्रोग्राम) व्हीएमची मेमरी चोरतो म्हणून काढून टाका, होस्टवरील स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरली जाणारी डिस्कवरील जागा) बंद करा, दर दहा मिनिटांनी कॅशे (वाचलेल्या फायलींची रॅममध्ये ठेवलेली प्रत) रिकामी करा, प्रत्येक व्हीएमला सढळ हाताने रॅम द्या आणि केएसएम (रॅममधील एकसारखे तुकडे एकत्र करणारी लिनक्सची सोय) चालू करून रॅम दुप्पट करा, असे ते उपाय आहेत. एरवी मी अशा संदेशांच्या वाटेला जात नाही, परंतु माझ्या भाच्याने त्यांतील पहिले दोन आपल्या कार्यालयातील एकुलत्या एका सर्व्हरवर करून टाकले आणि चार दिवसांनी मला फोन केला, “मामा, हिशेबाची व्हीएम आपोआप बंद पडते.”

ती आपोआप बंद पडत नव्हती. प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवण्याचे सॉफ्टवेअर) असलेल्या त्या होस्टवर ६४ जीबी रॅम होती आणि प्रत्येकी १२ जीबीच्या सहा व्हीएम, म्हणजे कागदावरच ७२ जीबी. लिनक्स गेस्ट उरलेली रॅम फायलींच्या कॅशेने भरत जातो आणि एकदा वापरलेले पेज (रॅमचा छोटा तुकडा) गेस्टमध्ये मोकळे झाले तरी होस्टला ते सहसा कळत नाही. बलूनही नाही आणि स्वॅपही नाही, अशा स्थितीत होस्टच्या कर्नलपुढे (प्रणालीच्या गाभ्यापुढे) ओओएम किलर, म्हणजे रॅम संपल्यावर एखादी प्रोसेस मारून जागा करणारी यंत्रणा, हा एकच मार्ग उरला. त्याच्या दृष्टीने व्हीएम ही एक साधी प्रोसेस असते. त्याने सर्वाधिक रॅम व्यापून बसलेली प्रोसेस मारली. लॉगमध्ये ‘किल्ड प्रोसेस’ या शब्दांपुढे केव्हीएमचे, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोसेसचे, नाव स्वच्छ दिसत होते. ते वाचण्याआधी भाच्याने हिशेबाचे सॉफ्टवेअर दोनदा नव्याने बसवले होते.

आता ‘चोरी’विषयी. बलून ड्रायव्हर गेस्टच्या आत राहतो, गेस्टकडूनच पेजेस मागून घेतो आणि ती होस्टच्या हवाली करतो. कोणते पेज सोडायचे हे गेस्ट ठरवतो, कारण कोणते कामाचे आणि कोणते निरुपयोगी हे त्यालाच ठाऊक असते. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हर या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीच्या मेमरी व्यवस्थापनावर लिहिलेल्या शोधनिबंधात हे सविस्तर मांडले आहे. बलून नसेल तर हायपरवायझरला (होस्टवरील व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) आंधळेपणाने पेजेस डिस्कवर टाकावी लागतात आणि मग एक विचित्र प्रकार घडतो: होस्टने डिस्कवर टाकलेलेच पेज गेस्टही आपल्या स्वॅपसाठी निवडतो, त्यामुळे ते आधी डिस्कवरून परत आणावे लागते, केवळ पुन्हा डिस्कवर लिहिण्यासाठी. याउलट त्याच निबंधातील चाचणीत २५६ एमबीच्या व्हीएममध्ये बलून फुगवून तिची तुलना मुळातच तेवढ्या कमी रॅमच्या व्हीएमशी केली असता फरक १.४ ते ४.४ टक्के एवढाच आढळला. चोर इतका स्वस्तात काम करत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. मोठा डेटाबेस किंवा जावा प्रोग्रामने राखलेला मोठा मेमरीसाठा (हीप) असलेल्या व्हीएममध्ये बलून फुगला तर कामगिरी ढासळते. तिथे पूर्ण रॅम राखून ठेवणेच योग्य. पण ती राखीव रॅम होस्टमध्ये प्रत्यक्ष असावी लागते, आणि संदेशात नेमके हेच वाक्य नाही.

कॅशे रिकामी करण्याचा उपाय निव्वळ खुळचटपणा आहे. कॅशे रिकामी करणाऱ्या ‘ड्रॉप कॅशेस’ या सेटिंगचा वापर चाचणी आणि दोषशोधनापलीकडे करू नये, असे लिनक्स कर्नलचे दस्तऐवजच सांगतात. मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या ‘फ्री’ आज्ञेतील ‘फ्री’चा रकाना पाहून घाबरण्यापेक्षा शेवटचा ‘अव्हेलेबल’ पाहावा. केएसएमने एकसारख्या व्हीएममध्ये काही बचत होते, दुप्पट मात्र नव्हे. शिवाय अशा सामायिक पेजेसमधून गुपिते फुटू शकतात म्हणून व्हीएमवेअरने २०१४ मध्ये व्हीएम-व्हीएममधील हे एकत्रीकरण मूळ सेटिंगमध्ये बंद केले.

राहिला सढळ हात. भाच्याच्या चार व्हीएमना ८ जीबी पुरेशी होती. त्या कमी केल्यावर बेरीज ५६ जीबीवर आली, होस्टला ८ जीबी उरली आणि पुन्हा लावलेल्या बलूनला आता फारसे फुगावेही लागत नाही.