जमैकाची बॉबस्ले कोणी खांद्यावर उचलली नव्हती

माझी भाची चारशे मीटर पळते. स्पाइक्स, म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट, पार झिजलेत, म्हणून काही पालकांनी प्रशिक्षकांकडे विषय काढला. उत्तरादाखल त्यांनी ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, आणि दाजींनी तो हात जोडलेल्या इमोजीसकट मला पाठवला. मजकूर असा: जमैका या गरम देशातली चार गरीब पोरं. बर्फ कधी पाहिला नव्हता. प्रशिक्षक नाही, पैसा नाही, सराव नाही. तरी 1988 च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्लेच्या, म्हणजे बर्फाच्या घसरगुंडीवरून गाडी हाकायच्या, शर्यतीत उतरली. गाडी उलटली तेव्हा त्यांनी ती खांद्यावर उचलून अंतिम रेषा ओलांडली. उष्ण देशातला असा हा पहिलाच संघ. आणि शेवटी ठळक अक्षरांत, ‘जिद्द असली की साधनं लागत नाहीत!’

खांद्यावरचं ते दृश्य डिस्नेच्या 1993 च्या चित्रपटातलं आहे. खऱ्या शर्यतीचं चित्रण इंटरनेटवर पडलंय, फॉरवर्ड करण्याआधी बघायला काय हरकत होती? चौघांच्या शर्यतीची तिसरी फेरी. चालक ड्युडली स्टोक्सचा ताबा सुटतो, बॉबस्ले आडवी होते आणि आतल्यांची हेल्मेटं बर्फाच्या भिंतीला घासत ती खाली घसरत राहते. थांबल्यावर चौघे बाहेर येतात आणि तिच्या बाजूने चालत निघतात. लोक टाळ्या वाजवतात. निकालात शर्यत अपूर्ण, बस्स. चौघांची रिकामी बॉबस्लेसुद्धा दोनशे किलोंच्या पुढे भरते. निसरड्या बर्फावर ती खांद्यावर घ्या म्हटलं तर माथाडीसुद्धा हात जोडतील.

पण हे एक वेळ सोडून देऊ. डोकं फिरतं ते ‘प्रशिक्षक नाही, सराव नाही’ वाचून. हा संघ उभा केला जॉर्ज फिच आणि विल्यम मॅलोनी या दोन अमेरिकनांनी. जमैकातल्या ढकलगाड्यांच्या शर्यती पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आधी धावपटूंना विचारलं, ते फिरकले नाहीत, मग जमैकाच्या सैन्यातून माणसं निवडली. प्रशिक्षक होता हॉवर्ड सायलर, स्वतः अमेरिकेकडून ऑलिंपिकमध्ये बॉबस्ले खेळलेला. सराव झाला तो अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला, कॅल्गरीला आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळच्या इगल्सला. म्हणजे प्रशिक्षक होता, ट्रॅक होता, परदेशातली शिबिरं होती. भाचीबरोबर पळणाऱ्या पोरींना गावातल्या मैदानावर पाणी मारून मिळत नाही, आणि त्यांना ही गोष्ट ऐकवायची!

‘बर्फ न पाहिलेली पोरं’ म्हणजे कोण, तेही बघा. ड्युडली स्टोक्स कॅप्टन आणि हेलिकॉप्टरचा वैमानिक. डेव्हन हॅरिस लेफ्टनंट, इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत शिकलेला. ड्युडलीचा भाऊ क्रिस अमेरिकेत आयडाहो विद्यापीठात होता. तिथे राहून बर्फ न बघायचा म्हणजे हिवाळाभर डोळे मिटून बसायला हवं.

आता जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं. हॅरिस किंग्स्टनच्या गरीब वस्तीत वाढला. पैशांची ओढाताण होती, कॅल्गरीत संघाला टी-शर्ट विकावे लागले. तयारीला सगळे मिळून काही महिनेच मिळाले. क्रिस तर भावाला बघायला आला होता. एक गडी जखमी झाला म्हणून ऐनवेळी त्याला गाडीत बसवलं. पण मग पुढचंही बोला. ज्या चौघांच्या शर्यतीत हा नवखा गडी होता, तीच गाडी उलटली. दोघांच्या शर्यतीत ड्युडली आणि मायकेल व्हाइट नीट खाली उतरले आणि 41 जोड्यांत 30 वे आले. अपुऱ्या तयारीने माणसाची मान मोडू शकते, आणि हा मजकूर त्याच अपुऱ्या तयारीची आरती ओवाळतो. चौघे धडधाकट चालत आले हे नशीब.

उष्ण देशातला पहिला संघ? मेक्सिकोचा बॉबस्ले संघ 1928 सालीच सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकला उतरला होता आणि 11 वा आला होता. कॅल्गरीतल्या दोघांच्या शर्यतीत जमैकाच्या लगेच वर, 29 व्या क्रमांकावर, नेदरलँड्स अँटिल्स होतं. कॅरिबियनमधलंच. भारताचा झेंडा तर 1964 पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. कॅल्गरीलाही शैलजा कुमार स्लॅलममध्ये, म्हणजे स्कीवरून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, 28 वी आली. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय महिला. तिच्यावर फॉरवर्ड आलेला मला तरी आठवत नाही.

राहिलं ते ठळक वाक्य. जमैकाचा संघ 1994 मध्ये लिलेहामरच्या ऑलिंपिकला चौघांच्या शर्यतीत 14 वा आला, अमेरिका आणि रशियाच्याही पुढे. मधल्या सहा वर्षांत ड्युडली स्टोक्सने गाडी चालवणं सोडलं नव्हतं. आणि लॅसेल्स ब्राउन घ्या. जन्माने जमैकन, 2002 च्या ऑलिंपिकमध्ये जमैकाकडूनच उतरलेला ब्रेकमन, म्हणजे गाडीत मागे बसून ब्रेक लावणारा. जिद्द त्याच्याकडे तेव्हाही होतीच की. पुढे तो कॅनडाचा नागरिक झाला. कॅनडाची गाडी, कॅनडाचे ट्रॅक, गाडीत पुढे पिअर लुडर्ससारखा कसलेला चालक, आणि 2006 साली तुरिनला गळ्यात रौप्यपदक. सरांना हे पाठवलंय. स्पाइक्सचं पुन्हा विचारलंय.